आधी नजर, मग त्वचा

तुम्ही संगणकावर घडवलेलं, बोलणाऱ्या बाईचं त्रिमितीय मॉडेल पाहिलं. त्वचेवरची रंध्रंसुद्धा दिसतात, मेहनत कळते. तरी ती बाई जिवंत वाटत नाही, आणि त्याचं कारण त्वचेत नाहीच. तिची नजर एका जागी खिळली आहे.

माणसाचे डोळे कधीच स्थिर नसतात. समोरच्याशी बोलतानाही बुबुळं त्याच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, तिथून ओठांवर उडी घेतात. अशी छोटी उडी २० ते ५० मिलिसेकंदांत आटोपते, म्हणून ती सावकाश सरकवू नका. लांब बघायचं असेल तर बहुधा डोळे आधी वळतात, मान मागाहून. खाली बघताना वरची पापणी बुबुळासोबत उतरते. एवढं एक जमवलंत तरी चेहरा पालटेल.

जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय की माणसाच्या अगदी जवळ पोचलेली, पण किंचित चुकलेली आकृती नकोशी वाटते. साधा चेहरा चालून जातो. हुबेहूब चेहऱ्याची लाकडी हालचाल खपत नाही. हावभावांसाठी एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांची चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींवर बेतलेली पद्धत शिकाच. पाय जमिनीवर घसरतात, तिथे आयके लावा, म्हणजे पावलाची जागा आधी ठरवून त्यावरून पायाचे सांधे वळवणारं तंत्र.

केसांचा मोह सध्या आवरा, ते रेखाटायला संगणकाला वेळ लागतो. सेकंदाला ९० फ्रेम, म्हणजे ९० चित्रं, दाखवायची तर एका फ्रेमला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात.

आणि संवाद! माणसं सरासरी २०० मिलिसेकंदांत उत्तर द्यायला लागतात. उत्तर तयार करायला तुमच्या सिस्टीमला दोन सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात त्या बाईला श्वास घेऊ द्या, नजर बाजूला वळवू द्या.