डंगरी, डेनिम, जीन्स: कोण कुठलं?

प्रश्न आहे: लहान मुलांची, खांद्यावर पट्टे असलेली 'डंगरी' आणि अमेरिकन खलाशांची 'डंगरीज' एकच का? आणि हा शब्द मुंबईच्या डोंगरीतून गेला, हे खरं का?

शब्द आपल्याकडूनच गेला. इंग्रजी कोश तो हिंदी 'डुंगरी'पाशी आणून सोडतात. डुंगरी म्हणजे जाडंभरडं, स्वस्त सुती कापड. त्याचा संबंध बहुतेक जण मुंबईतल्या डोंगरीशी जोडतात. म्हणजे मुळात हे कापडाचं नाव, कपड्याचं नव्हे, आणि घोळ तिथेच आहे. ब्रिटिशांनी छातीवर पाटी नि खांद्यावर पट्टे असलेल्या पोशाखाला डंगरीज म्हटलं, आपण तेच उचललं. अमेरिकेत त्या पोशाखाला ओव्हरऑल म्हणतात. तिथली डंगरीज म्हणजे साधी, कमरेची निळी पँट. अमेरिकी नौदलात ती अनेक दशकं कामाचा पोशाख होती, वर शँब्रे या हलक्या सुती कापडाचा फिका निळा सदरा.

डेनिम फ्रान्समधल्या नीम गावावरून, जीन्स इटलीतल्या जेनोआच्या फ्रेंच नावावरून. अमेरिकेची ओळख म्हणून जगभर मिरवणाऱ्या पँटची ही तिन्ही नावं बाहेरची! खास तिथलं काय, तर तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे छोटे खिळे. खिशांचे कोपरे उसवू नयेत म्हणून नेवाडातल्या रीनोचा शिंपी जेकब डेव्हिस याने ते ठोकले आणि सॅन फ्रान्सिस्कोचा व्यापारी लीवाय स्ट्रॉस याच्या जोडीने २० मे १८७३ रोजी पेटंट मिळवलं. तरी त्यांची कंपनी १९६०च्या सुमारापर्यंत या पँटला 'वेस्ट ओव्हरऑल' (वेस्ट म्हणजे कंबर) म्हणत होती. 'जीन्स' हा शब्द आधी गिऱ्हाइकांच्या, त्यातही तरुण पोरांच्या तोंडी रुळला.

कापड ओळखायचं तर पायाची दुमड उलटून पाहा. डेनिममध्ये उभे धागे निळे, आडवे पांढरे, आणि ट्विल म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीत उभे धागे वरच्या बाजूला जास्त दिसतात. म्हणून आतली बाजू फिकी. डंगरीत, निदान जुन्या अर्थाने, धागे दोन्हीकडचे रंगवलेले. आजच्या दुकानदारांकडून हा भेद पाळला जाण्याची अपेक्षा ठेवू नका. गुडघे पांढरे पडतात म्हणजे रंग कच्चा, असंही नाही: नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही, घासलं की पांढरा गाभा उघडा पडतो.

अनुवादकांसाठी एवढंच. अमेरिकन मजकुरातला खलाशी डंगरीज घालून डेकवर आला, तर मराठीत त्याला 'डंगरी' चढवू नका, वाचकाला पट्टेवालं बाळ दिसेल. 'डेनिमची पँट' लिहा. मजकूर ब्रिटिश असेल तर डंगरी चालेल.