आधी थुंकदाणी, मग दंड

सोलापूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तू सुपरवायझर म्हणून लागलास त्याला तीन महिने झाले, आणि माणसं ऐकत नाहीत असं तू लिहितोस. 'थुंकू नये'च्या पाट्या लावल्या, पन्नास रुपये दंड ठेवला, जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवल्या, तरी भिंती लालच. शेवटी तू लिहिलंस, 'काका, यांना घाणीचीच सवय आहे.' ते वाक्य माझ्या मनाला लागलं. मीही एकेकाळी असंच बोलायचो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली.

तेव्हा मी एका कारखान्यात मुकादम होतो. पांढऱ्या टॉवेलांचा मोठा माल परत आला. गठ्ठ्यातल्या काही नगांवर बोटांचे तपकिरी ठसे होते, तंबाखू-सुपारीच्या माव्याचे. मालक मला बोलले, मी विणकरांना बोललो. त्याच आठवड्यात पूर्व भागातले एक वयस्क विणकर जिन्यात थुंकताना मला दिसले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी अख्ख्या पाळीसमोर त्यांच्या हातात फडकं दिलं आणि जिना पुसायला लावला. त्यांनी पुसला. तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. जिना आठवडाभर स्वच्छ राहिला, मग लोक बीमच्या, म्हणजे ताण्याच्या मोठ्या रुळाच्या, मागं थुंकू लागले, माझी नजर जात नव्हती तिथं.

महिन्याभरानं त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. मग दारातल्या मोरीकडं बोट करून म्हणाले, "घरी आम्ही तिथं थुंकतो. तुमच्याकडं कुठं थुंकायचं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. सव्वाशे माणसांच्या त्या शेडमध्ये एकही थुंकदाणी नव्हती.

1948 चा कारखाना कायदा मी त्यानंतर पहिल्यांदा नीट वाचला. त्याच्या विसाव्या कलमात क्रम असा होता: सोयीच्या जागी पुरेशा थुंकदाण्या ठेवायच्या, त्या स्वच्छ राखायच्या, हे आधी. इतरत्र थुंकणाऱ्याला पाच रुपयांपर्यंत दंड, हे सगळ्यात शेवटी. आपण शेवटचं धरून बसतो आणि पहिलं विसरतो. तू दंडाची पावती फाडायच्या आधी शेडमध्ये एक चक्कर मार आणि मोज, थुंकदाण्या किती आहेत, त्यात वाळू किंवा चुना कोण टाकतं, रिकाम्या कोण करतं. देवाच्या फरशांचं म्हणशील तर मला त्या पटत नाहीत. माणूस तो कोपरा सोडतो आणि शेजारचा धरतो. शिवाय तुझ्याकडं सगळ्या धर्मांची माणसं कामाला आहेत. भिंत राखायला देवाला उभं करणं बरं नव्हे.

मावा सुटावा असं मलाही वाटतं, फार वाटतं. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, पण पानटपरीवर मावा घोटून मिळतोच, आणि त्या तंबाखू-सुपारीनं तोंडाचा कर्करोग झालेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. ज्याचं तोंड पुरतं उघडत नसेल, तोंडात पांढरा चट्टा असेल, त्याला सिव्हिलला घेऊन जा. पण सवय सुटेपर्यंत थुंकी कुठं जाणार याची सोय तुलाच करायची आहे.

आता हात धुण्याचं. तुझी तक्रार आहे की जेवणाच्या सुट्टीत लोक तेलकट हातानंच डबा उघडतात. त्यांच्या घरच्या नळाचा विचार कर. आपल्या गावात पाणी रोज येत नाही, चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं. ज्या घरात पिंपातलं पाणी तांब्यानं मोजून घेतात, तिथल्या माणसाचा हात नळ सोडायला कचरतो. उजनी धरण भरलं म्हणून त्याच्या घरचा नळ रोज वाहत नाही. त्यात तुमच्या शेडचा नळ कँटीनपासून लांब, मागच्या गेटजवळ आहे, असं तूच लिहिलंयस. अर्ध्या तासाच्या सुट्टीत चाळीस माणसं त्या एका नळावर कशी धुणार? कँटीनच्या दाराशीच पाच-सहा नळांचा ओटा बांधून घे. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून प्रत्येक नळाला टांग, म्हणजे ती चिखल होत नाही आणि घरीही जात नाही. सुट्टीची घंटा पाच मिनिटं आधी दे. ही पाच मिनिटं मालकाकडून मागून घेणं हे तुझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम असेल. माग त्यांच्याकडं. परत आलेल्या मालाचा हिशेब पुढं ठेव.

बायकांच्या संडासाबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस. बहुधा तुला कोणी सांगितलं नसेल, मलाही पंधरा वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. चेकिंग आणि शिलाईच्या खात्यात बसणाऱ्या बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नव्हे. संडासाला कडी नाही, आत पाणी नाही, बादली फुटकी आहे, म्हणून जावंच लागू नये असं बघतात. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि या बाया घोटभर पाण्यावर पाळी काढतात. लघवीची जळजळ, ताप, घेरी, हे मग त्यांच्या पाचवीला पुजलेलं. आमच्या खात्यातल्या एक अक्का काउंटरवरच चक्कर येऊन पडल्या, तेव्हा कुठं हे माझ्या कानावर आलं. तू स्वतः त्यांना विचारू नकोस, त्या बोलणार नाहीत. त्यांच्यातल्याच एका वडीलधाऱ्या बाईला विचार, काय काय हवंय ते सांगा म्हणावं. कडी, दिवा, पाणी, पाळीच्या पॅडसाठी झाकणाचा डबा आणि तो रोज नेणारी व्यक्ती. साफ करणाऱ्या बाईला हातमोजे आणि पायात बूट दे. तिचा पगार वेळेवर होतो का, हेही बघ.

एक जुनी गोष्ट सांगतो, तुझ्या पिढीनं ती पाहिलेली नाही. धोटा म्हणजे आडवा दोरा मागावर इकडून तिकडं नेणारी लाकडी नाव, आणि कांडी म्हणजे त्यातली दोऱ्याची गुंडी. धोट्याच्या मागावर कांडी बदलली की दोरा धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला विणकर धोट्याला तोंड लावून ओढायचे. एकाच मागावर दिवसपाळीचा माणूस तोंड लावी, रात्री दुसरा. कापसाची पिंज आणि रंग पोटात जाई, आणि एकाचा रोग दुसऱ्याला लागायची भीती राही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं 1911 मध्ये असे धोटे कायद्यानं बंद केले होते. मी कितीतरी वेळा सांगितलं, 'तोंड लावू नका.' कोणी ऐकलं नाही, कारण तासाला कितीतरी कांड्या बदलायच्या आणि मजुरी नगावर. पुढं हातानं दोरा घालायचे धोटे आले, मग धोट्याविना चालणारे रॅपियर माग आले, आणि ती सवय कोणालाही न रागावता गेली. अण्णांच्या घरून परतल्यापासून मी हे मनाशी धरून आहे. एखादी घाण सवय दिसली की ती कशाच्या आधारावर उभी आहे ते शोधायचं, आणि तो आधार काढायचा.

तसाच तुमच्या हवेच्या नळीचा आधार शोध. पाळी सुटताना लोक कॉम्प्रेसरच्या नळीनं माग झाडतात, आणि त्याच नळीनं अंगावरचे कपडे, डोकंसुद्धा झाडतात. त्यांना ती स्वच्छता वाटते. पण पिंज कुठं जात नाही, ती हवेत उडते आणि पुढच्या पाळीच्या छातीत उतरते. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की छाती आवळल्यासारखी होते, ही त्याची खूण. तुझ्याकडं कोणी सोमवारी खोकतो का, नीट बघ. झाडण्यासाठी नळीऐवजी ओढून घेणारं यंत्र माग, तोवर ओल्या फडक्यानं पुसून घ्या, आणि कपडे झाडायला दाराबाहेर एक ब्रश टांग. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकणाऱ्याची बेडका तपासणी करून घे, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षय निघाला तर औषधही मोफत मिळतं. त्याची नोकरी जाणार नाही एवढी हमी तू मालकाकडून आधी घे, नाहीतर लोक खोकला लपवतील.

पाट्याही बदल. तुझ्या निम्म्या माणसांच्या घरात तेलुगू बोलतात, काहींच्या घरात कन्नड. त्यांच्यातल्याच कोणाकडून त्यांच्या भाषेत लिहून घे, आणि 'नये' कमी कर. 'साबण इथं आहे' ही पाटी जास्त कामाची.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यांनी बांधलेली धर्मशाळा तिथं आहे, एकदा जाऊन ये. तूही पहिला शनिवार स्वतःच्या टेबलाखालून आणि सुपरवायझरांच्या संडासापासून सुरू कर. लोकांना बोलावू नकोस, फोटो काढू नकोस.

आणि सह्यांचा तक्ता ठेवू नकोस, सह्या कोणीही करतो. ओट्यावर सोमवारी सहा वड्या टांग आणि शनिवारी किती उरल्या ते बघ. वड्या तशाच असतील तर कोणी हात धुतलेले नाहीत, मग नळ, वेळ, पाणी यांत कुठं अडतंय ते पुन्हा शोधावं लागेल. पहिल्या शनिवारी किती उरल्या ते मला लगेच कळव.

तुझा,
काका