जॉर्डनमधल्या पेट्रा या खडकात कोरलेल्या प्राचीन शहरासाठी एकच दिवस असेल तर

सकाळी 6 ला दार उघडताच आत शिरा. सीक ही सव्वा किलोमीटरची अरुंद घळ. ती संपते तिथे ‘खजिना’, म्हणजे कड्यात कोरलेली भव्य वास्तू. त्यावर ऊन 9 च्या सुमारास येतं, तोवर ताटकळू नका. आधी ‘मठ’, म्हणजे वर डोंगरात कोरलेली दुसरी मोठी वास्तू, गाठा: 800 हून जास्त पायऱ्या, थंडाव्यातच चढाव्यात. सकाळी मठ सावलीत असतो, फोटो जरा फिका येईल; गुडघे महत्त्वाचे. राजथडगी उतरत्या उन्हात बघा, दगड तेव्हा तांबूस पेटतो.

फसगत होते ती परतीला. दारापासून मठाच्या पायऱ्यांपर्यंत जाताना उतार असतो, येताना तोच चढ; मठापासून दारापर्यंत चार-पाच किलोमीटर. माणशी तीन लिटर पाणी हवंच. दारापासून सीकच्या सुरुवातीपर्यंतचा घोडा तिकिटात धरलेला असतो, बक्षिसी मात्र मागतात. पावसाची चिन्हं दिसली तर सीकमध्ये शिरू नका. पाणी अचानक लोंढ्याने येतं.