लेझर जिथं अडतो, तिथंच माणसं लागतात

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. गोकुळ शिरगावात तुमचं लेझर कटिंगचं जॉबवर्क आहे, मुलगा अकरावी सायन्सला आहे. एप्रिल 2025 मध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेनं कर्नूलला 30 किलोवॅटच्या लेझरनं ड्रोन पाडले, ती बातमी पाहिल्यापासून ‘मला हेच बनवायचंय’ म्हणून तो हटून बसलाय. तुम्ही विचारलंय, हे खरंच पुढं येणार की चार दिवसांची हवा? आणि पोरानं त्याच्यामागं उमेदीची वर्षं घालावीत का?

येणार, यात शंका नाही. ड्रोन स्वस्त झालेत आणि ते पाडायला महागडं क्षेपणास्त्र वापरणं कुणालाच परवडत नाही. ब्रिटनच्या ‘ड्रॅगनफायर’ या लेझर शस्त्राचा एक वार साधारण 10 पौंडांत पडतो, असं त्यांचं संरक्षण खातं सांगतं. पण लेझर आला म्हणून तोफा आणि क्षेपणास्त्रं अडगळीत जातील, असं पोरानं डोक्यात घेतलं असेल तर ते आधी काढा.

त्यासाठी त्याला तुमच्याच यंत्रापाशी उभं करा. नोझल पत्र्यापासून जेमतेम एक मिलिमीटरवर असतं, पत्रा जागचा हलत नाही, वितळलेला धातू उडवायला गॅसचा झोत असतो. तरी प्रोटेक्शन ग्लासवर धुळीचा एक कण बसला की कट बिघडतो. आता तोच पत्रा चार किलोमीटरवर, हवेत, पळता आहे असं समजा. लेझरचा झोत एकाच जागी काही सेकंद धरून ठेवावा लागतो, तेव्हा कुठं भोक पडतं. वाटेतली हवा झोतानं तापते आणि भिंगासारखी वागून त्यालाच फाकवते. जुलैत पन्हाळ्यावर धुकं उतरलं की समोरचा माणूस दिसत नाही. तिथं हा किरण काय करणार? डोंगराआड किंवा क्षितिजाखाली तो वळतही नाही. आणि एका वेळी एकच लक्ष्य, ड्रोनचा थवा मोठा असला की वेळ पुरत नाही.

उष्णतेचा हिशेब तर तुम्हाला सांगायलाच नको, यंत्र थंड ठेवणारा तुमचा चिलर दिवसभर कशासाठी चालतो! फायबर लेझरमधून 30 किलोवॅटचा झोत काढायचा तर ढोबळमानानं तिप्पट वीज लागते आणि उरलेली सगळी उष्णता होते. ही सगळी यंत्रणा ट्रकवर किंवा जहाजावर वाहून न्यायची, थंड ठेवायची, तीही लढाईत.

अमेरिकेनं बोइंग 747 विमानात रासायनिक लेझर बसवला होता. 2010 मध्ये त्यानं चाचणीत क्षेपणास्त्र पाडलंही. तरी पुढच्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला, कारण पल्ला कमी पडत होता आणि खर्च झेपत नव्हता. मुलाला हा किस्सा आवर्जून सांगा. अख्खं आयुष्य एकाच शस्त्राला बांधलं, तर ते शस्त्र बंद पडल्यावर माणूस उघड्यावर येतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: त्यानं प्रकाशशास्त्र धरावं. वर सांगितलेल्या एकेका अडचणीवर माणसांची गरज आहे: आरसे आणि लेपन, थंड करण्याची यंत्रणा, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, लक्ष्याचा माग ठेवणारं नियंत्रण. हीच माणसं उद्या वैद्यकीय उपकरणांत, उपग्रहांत, दूरसंचारात चालतात.

वाट अशी. जेईई चांगली गेली तर आयआयटीत इंजिनिअरिंग फिजिक्स, किंवा तिरुवनंतपुरमची अवकाश तंत्रज्ञानाची संस्था आयआयएसटी. शुद्ध विज्ञान आवडत असेल तर पुण्याची विज्ञान संस्था आयसर. आणि बाहेर पाठवणं झेपणार नसेल तर शिवाजी विद्यापीठातून फिजिक्समध्ये एम.एस्सी. किंवा सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल; त्यात कमीपणा अजिबात नाही. पुढं ‘गेट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी. त्या गुणांवर डीआरडीओत सायंटिस्ट-बी या शास्त्रज्ञाच्या सुरुवातीच्या पदासाठी अर्ज करता येतो. कर्नूलचा लेझर बनवणारी ‘चेस’ प्रयोगशाळा हैदराबादला आहे, डेहराडूनला प्रकाशीय उपकरणांची ‘आयआरडीई’, आणि अणुऊर्जा विभागाचं लेझरचं मोठं केंद्र इंदूरला. जागा मोजक्या असतात, म्हणून दुसरा दरवाजा उघडा ठेवा.

या सुट्टीत त्याला रोज तासभर शॉपवर न्या. ग्लास कधी बदलली, चिलरचं पाणी किती तापलं, कट का बिघडला, हे त्यानं स्वतःच्या वहीत लिहावं. फक्त यंत्राचं दार उघडं असताना त्याला जवळ जाऊ देऊ नका, आणि तुमच्या लेझरच्या तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा घातल्याशिवाय तर मुळीच नाही. तो किरण डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याच्या आतला पडदा जाळतो.

दिवाळीनंतर दोघं येऊन भेटा. वही सोबत आणा.