रोपांच्या नर्सरीत घडणारी भुताची प्रेमकथा पटेल अशी कशी लिहावी?

तुमचं कथानक मला समजलं ते असं: वडील गेल्यावर नायिका घरची नर्सरी सांभाळायला येते, तिथे पूर्वी कलमं बांधणाऱ्या एका तरुणाचं भूत आहे आणि दोघांचं जमतं. हे भूत कुठल्याही जुन्या वाड्यात खपलं असतं, मग नर्सरीच का, ही तुमची अडचण.

कादंबरी मी एकही लिहिलेली नाही, हे आधीच कबूल करते. पण लहानपण घरच्या नर्सरीत गेलंय, तेव्हा त्या बाजूने सांगते.

वाड्यातल्या भुताला भिंती असतात, पिंपळावरच्याला पिंपळ. नर्सरीतला पिंपळ पिशवीत वीतभर असतो आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी टेम्पोतून निघून जातो. तिथलं सगळं जाण्यासाठीच वाढवलेलं. मग भुताने धरायचं काय? माझ्या मते मातृवृक्ष. ज्याच्या काड्या घेऊन कलमं करतात ते झाड कुणी विकत नाही. आणि कलम म्हणजे त्या झाडाचं पिल्लू नव्हे. बी पेरलं तर नवं झाड येतं. काडी बांधली तर तेच जुनं झाड, फक्त दुसऱ्याच्या मुळांवर.

याचं एक खरं उदाहरण आहे. इंग्लंडमधल्या साउथवेलला १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या नर्सरीवाल्या तरुणाने त्या झाडाच्या काड्या मागितल्या, तेव्हा ब्रॅम्लीने अट घातली की जातीला नाव माझंच द्यायचं. आजही ते सफरचंद ब्रॅम्ली म्हणूनच विकलं जातं आणि ब्रॅम्लीचं प्रत्येक झाड मुळात त्या एकाच झाडाची काडी आहे. बी लावणारीचं नाव जातीत कुठेच नाही. भूत व्हायचा हक्क कुणाचा असेल तर तिचा!

आता तुमचा नायक मातृवृक्षात आहे असं धरा. विकलेल्या प्रत्येक कलमाबरोबर तो थोडा थोडा बाहेर जाणार. धंदा चालला तर तो विरत जातो, त्याला जपायचं म्हणून विक्री थांबवली तर वडिलांची नर्सरी बुडते. हा पेच वाड्यात मिळत नाही.

तो तिला कलम बांधायला शिकवतो हा प्रसंग तुम्ही लिहिणारच. त्यात हात दाखवा. चाकू एकदाच, न थांबता ओढायचा. काडीच्या सालीखालचा हिरवा पापुद्रा खुंटाच्या, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपाच्या, पापुद्र्याला टेकला पाहिजे. काडी बारीक असेल तर निदान एका बाजूने तरी. मग पट्टी घट्ट गुंडाळायची आणि वाट बघायची. महत्त्वाचं पुढेच आहे: सांधा कितीही जुना झाला तरी वरचं झाड वरचंच राहतं आणि खुंट खुंटच. दोघं जुळतात, मिसळत नाहीत. शिवाय खुंटाचे फुटवे वेळेवर खुडले नाहीत तर वरची फांदी उपाशी मरते आणि बाहेरच्याला वाटतं, काय जोमात वाढलंय झाड. भीती इथून आणा.

बाकी भीती बारीक असू द्या. सकाळी ट्रेमधली रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडलेली. पाणी जास्त झालं की बुरशीने रोपं अशी कोलमडतात. नायिका आधी कामावरच्या पोरालाच ओरडेल, रात्री पाणी कोण घालतं म्हणून.

आणि नावाच्या पट्ट्या विसरू नका. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल वर्षानुवर्षं टिकते. आमच्याकडे माती उपसताना आजोबांच्या हातची जस्ताची पट्टी सापडली होती. जातीचं नाव, तारीख, सगळं नीट वाचता येत होतं. ते झाड मात्र कुणीच पाहिलेलं नव्हतं.

रातराणी, ब्रह्मकमळ वगैरे कृपा करून टाळा. रात्री नर्सरीत शेणखताचा आणि ओल्या मातीचा वास येतो, जाळीवरून थेंब गळत असतात, बास.

शेवटी झाड तोडून त्याला मुक्त वगैरेही करू नका. झाड आपणहून वठू द्या. त्याआधी तिने पन्नास पिशव्यांत काड्या बांधलेल्या, त्यातल्या कितीतरी जगलेल्या, तो कुठल्या पिशवीत गेला ते तिला ओळखू येत नाही, आणि फाटकाशी गिऱ्हाईक उभं आहे.