त्या ६१ दिवसांचं काय लिहायचं

अनेक आशीर्वाद.

नैराश्यामुळे शाळा बुडाली त्या ६१ दिवसांबद्दल कॉलेजच्या अर्जासाठी तू लिहिलेला मसुदा काल रात्री दोनदा वाचला. अडीच पानांत 'माफी' पाच वेळा आणि 'आळशीपणा' दोनदा. आधी पेन्सिलीने ते सातही शब्द खोडले, मग उरलेलं वाचलं. डॉक्टरांनी ज्या आजाराचं नाव कागदावर लिहून दिलंय त्याला तूच आळस म्हणणार असशील, तर प्रवेश समितीने वेगळं काय म्हणावं?

तू विचारलंस, "सर, गुण बरे आहेत, तर हजेरीचा विषय काढायचाच कशाला?" काढायचा. ६१ दिवस गैरहजर आणि कारणाचा रकाना रिकामा दिसला, की वाचणारा तो आपल्या मनाने भरतो. मीही भरलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाच्या शिफारसपत्रात 'हुशार, पण अनियमित' एवढं लिहून मी मोकळा झालो. का अनियमित, हे विचारलंच नाही. तो रोज सकाळी दप्तर भरून दाराशी बसायचा आणि त्याच्याच्याने बूट चढवणं व्हायचं नाही, हे त्याच्या आईकडून कळलं तेव्हा पत्र रवाना झालं होतं. ते तीन शब्द मला अजून टोचतात.

तर लिही, पण अडीच पानं नकोत. दहा-बारा ओळी पुरेत: त्रास कधी सुरू झाला, शाळेवर काय परिणाम झाला, उपचार कधीपासून, आता कसं चाललंय. महिने नीट घाल. 'नैराश्य' म्हणायचं की नुसतं 'वैद्यकीय कारण', हे तू ठरव. तो हक्क तुझा. मुख्य निबंधात मात्र हे कोंबू नकोस, तिथे तुला आवडणाऱ्या गणिताबद्दल लिही. अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांसाठी एकच भरायचा असतो त्या कॉमन ॲपच्या अर्जात अडचणी सांगायला वेगळी जागा असते. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे अर्ज ज्या संस्थेमार्फत जातात त्या यूकॅसमध्ये शिफारस देणाऱ्या शिक्षकांसाठी तसा स्वतंत्र भाग आहे. इतरत्र अर्जासोबत एक छोटं पत्र जोडता येतं का, ते विचारून घे.

तुझ्या मसुद्यातली सर्वांत भक्कम गोष्ट दुसऱ्या पानाच्या तळाशी दडून बसलीये. शाळेत पाऊल टाकवत नव्हतं त्या तीन महिन्यांत मैत्रिणीने फोनवर पाठवलेल्या वहीच्या फोटोंवरून तू गणितं सोडवत होतीस, रात्री उशिरा का होईना, आणि प्रत्येक पानावर तारीख टाकत होतीस. ते वर आण. विशेषणं लावू नकोस, तारखाच बोलतील.

गोळ्या सुरू झाल्या तरी हजेरी लगेच का वाढली नाही, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडणारच. नैराश्यावरच्या बहुतेक औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला काहींना मळमळ होते, झोप बिघडते. शिवाय एकदा वर्ग चुकला की दुसऱ्या दिवशी त्याच दारातून आत जाणं जास्त जड जातं. घरी राहिल्याने तेवढ्यापुरतं हायसं वाटतं आणि भीती मात्र वाढते. यातलं एखादंच वाक्य घे. आणि 'आता मी पूर्ण बरी आहे' हे काढ. गेल्या सत्रातली तुझी ८२ टक्के हजेरी त्याहून खरी आहे.

ही अशी पहिलीच गोष्ट त्यांच्या टेबलावर येतेय असंही समजू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वर्षांच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो.

हेच शाळेच्या तोंडून आलं तर वजन वाढतं. वर्गशिक्षिकांशी मी बोलतो. डॉक्टरांकडून दोन ओळींचं प्रमाणपत्र घे: अमुक काळात उपचार चालू होते आणि त्याचा हजेरीवर परिणाम झाला, बस. अख्खी फाइल कुणालाही पाठवायची नाही. परीक्षेला बसण्यासाठी किमान हजेरीची अट असेल, तर सवलत मिळाल्याचं लेखी घे. तोंडी 'होऊन जाईल' वर विसंबू नकोस.

आता जे तू विचारलंच नाहीस ते. कॉलेज तुला घेईल का, याचा घोर तू लावून घेतलायस. तिथे पुन्हा वाईट महिना आला तर काय, हे कुणी पाहायचं? अर्ज भरण्याआधी विचार: हजेरीची अट किती, समुपदेशकाची वेळ किती दिवसांनी मिळते, वैद्यकीय रजा घेतली तर जागा राहते का, एखाद्या सत्रात कमी विषय घेता येतात का. ईमेलने विचार, म्हणजे उत्तर हाताशी राहील. नाव झालेल्या एखाद्या कॉलेजकडून उडवाउडवीचं उत्तर आलं, तर मी तरी ते यादीत खाली ढकलेन. आणि डॉक्टरांनी वर्षभर थांबायला सांगितलं, तर प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येतो का, हेही विचारून ठेव.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. 'क्षमस्व'ने सुरुवात झालेली दिसली तर न वाचता परत करीन. या गडबडीत गुरुवारची डॉक्टरांची वेळ चुकवू नकोस.

तुझा,
सर