झिजलेल्या शिवराईबद्दल

अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझ्या सात शिवराईंचे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या जुन्या तांब्याच्या नाण्यांचे, सातही फोटो पाहिले. ‘सगळी खापरं आहेत, ठेवू की मोडीत देऊ?’ असं विचारलंस. ठेव. मोडवाला तांब्याचा भाव देईल, तो फार तर चहापाण्यापुरता.

तिसऱ्या फोटोतलं नाणं तू ‘कोरं’ म्हटलं आहेस. ते कोरं नाही. रात्री खोलीतला दिवा बंद कर, नाणं काळ्या कागदावर ठेव आणि मोबाइलचा उजेड वरून न टाकता अगदी आडवा, कागदाला टेकून टाक. मग नाणं सावकाश फिरव. उजव्या काठाशी एक उभा दांडा आणि त्याला खालून डावीकडे जाणारी तिरकी रेघ दिसेल. तो ‘त्र’ आहे. म्हणजे ही ‘छत्रपति’ची बाजू, आणि मागच्या बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत असणार. आता खालच्या ओळीतले दांडे मोज. तीन सापडतील. ‘त’चा वाटोळा भाग दुसऱ्या-तिसऱ्या दांड्यांच्या मध्ये असेल तर ‘पति’, पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये असेल तर ‘पती’. शिवराई नाण्यांवर दोन्ही सापडतात, ‘शिव’ऐवजी ‘सिव’ही सापडतं. ठसे खोदणारे कारागीर अनेक, टांकसाळी अनेक, आणि शुद्धलेखनाचे मास्तर कुणीच नाहीत.

अक्षर नाही म्हणजे झिजलं, असंही धरू नकोस. ही नाणी हातोड्याने पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पुरा मजकूर मुळात क्वचितच उमटायचा. काठावर अक्षर मध्येच तुटलं आहे पण त्याची कड धारदार आहे, तर ते पाडतानाच बाहेर राहिलं. कड बोथट होत होत मिटली असेल तर झिजलं. आणि जमिनीत पडून राहिलेलं नाणं बोटाला खरखरीत लागतं, हातोहात फिरलेलं गुळगुळीत. तुझी सातही गुळगुळीत आहेत. आजीच्या देवघरातल्या डब्यातली आहेत म्हणालास, ते पटतं. पाचव्या नाण्याच्या खोबणीत कुंकू साचलंय, म्हणून तर त्याची अक्षरं सगळ्यांत ठळक दिसताहेत. ते कुंकू काढू नकोस.

आता जरा हिरमोड करतो. शिवरायांचा राज्याभिषेक 1674 चा आणि तेव्हापासूनची शिवराई, हे खरं. पण महाराजांचं नाव त्यांच्यामागेही नाण्यावर तसंच राहिलं. पेशवाईत शिवराई पडली, इंग्रजी अमल आल्यावरही काही काळ पडत राहिली. मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे पुढच्या काळातली. तुझं दुसरं आणि सहावं तसंच दिसतंय. जुन्या बाजारात जो तो ‘रायगडावरची’ म्हणून विकतो. बाहेरचं ठिपक्यांचं वर्तुळ, अक्षराचं वळण आणि वजन यांवरून जाणकार काही सांगू शकतो, पण इतक्या झिजलेल्या नाण्यावर कुणी ठामपणे साल सांगितलं तर पाकीट खिशात ठेव. मी एकदा ठेवलं नव्हतं. आणलेल्या नाण्यावर सगळीकडे सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि काठाभोवती बारीक शिवण होती. ओतीव काम, म्हणजे साच्यात ओतलेलं बनावट नाणं! पाडलेल्या नाण्याला शिवण कुठून येणार? तेव्हा खोटी नाणीसुद्धा घासून जुनी करतात, हे ध्यानात ठेव.

धुण्याबद्दल विचारलंस. आठवीत असताना मी माझी पहिली शिवराई चिंच-मीठ लावून तांब्याभांड्यासारखी लख्ख केली आणि आजोबांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, नुसती उलटसुलट करून परत दिली. वरचा तपकिरी थर गेल्यावर जी काही अक्षरं उरली होती ती उजेडात नुसती चमकायला लागली, वाचता येईनात. आजही येत नाहीत. तेव्हा पितांबरी, लिंबू, राख, काही नको. फार माती असेल तर साध्या पाण्यात भिजव आणि नीट वाळव. घट्ट बसलेला गर्द हिरवा थर राहू दे. मात्र फिकट हिरवी, पुडीसारखी सुटणारी भुकटी दिसली तर तो कळंक आत खात चालला आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढ आणि कोरडं ठेव. मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांचे अल्बम घेऊ नकोस, कालांतराने ते तांब्यावर चिकट हिरवं सोडतात. कागदी पाकीट बरं, त्यावर वजन आणि कुठून मिळालं तेही लिहिता येतं.

मामाला अमेरिकेत एक भेट पाठवायचा विचार सोड. शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि 1972 च्या कायद्याने ते असं देशाबाहेर नेता येत नाही. तसंच पुढेमागे शेतात काही पुरलेलं सापडलं तर 1878 चा निखात निधी कायदा आहे. 10 रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

सोनाराकडच्या काट्यावर सातही तोलून आण. माझ्याकडची एक झिजून 8 ग्रॅमवर आली आहे, तुझी तिच्या खाली जाते का बघू. आणि सातव्याला जे भोक आहे त्याच्या आतल्या कडेचा जवळून फोटो पाठव. दोरा एका बाजूला ओढला जाऊन भोक लांबट झालंय का, ते मला पाहायचंय. कुणाच्या गळ्यात होती, ते आजीला विचारून ठेव.